मेंदूदान : घरच्यांकडून नेहमी येणारे प्रश्न

बाबांचा मेंदू आम्ही संशोधनासाठी दिला. त्यानंतर अशाच वळणावर उभ्या असलेल्या घरांशी फोनवर बोलायला मी लागले, आणि हळूहळू ते माझं कामच झालं. प्रश्न बहुतेक तेच असतात, फक्त विचारणाऱ्याचा आवाज वेगळा असतो. कोणी सहा महिने आधी शांतपणे वही घेऊन बसतं, तर कोणी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून दबक्या आवाजात विचारतं. ही पानं दोघांसाठीही आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते : कायदे देशागणिक बदलतात आणि नियम ब्रेन बँकेगणिक, म्हणजे संशोधनासाठी मेंदू जमवून जपणाऱ्या संस्थेगणिक. इथलं उत्तर आणि तुमच्या बँकेचं उत्तर जुळलं नाही, तर बँकेचं खरं धरा.

चेहरा नीट राहतो ना?

राहतो. हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि विचारताना लोक ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही.

चीर डोक्याच्या मागच्या बाजूने, एका कानामागून दुसऱ्या कानामागे, केसांतून घेतात. त्वचा पुढे सरकवतात, कवटीचा वरचा भाग काढून मेंदू बाहेर घेतात, मग तो भाग पुन्हा जागेवर बसवून त्वचा शिवून टाकतात. कपाळाला, डोळ्यांना, नाकाला कुठेच हात लागत नाही. टक्कल असलं तरी डोकं उशीला टेकलं की शिवण खाली जाते. बाबांना परत आणलं तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या उजव्या कानामागे बोट फिरवून पाहिलं. बारीक, सरळ टाके लागले हाताला. कोणी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

अंत्यसंस्कार लांबतात का?

सहसा नाही. प्रत्यक्ष काम एक-दोन तासांचं असतं. वेळ जातो तो नेण्या-आणण्यात आणि कागदपत्रांत. बऱ्याचदा त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी पार्थिव परत मिळतं. तुमची अंत्यसंस्काराची वेळ ठरली असेल, तर ती पहिल्याच फोनवर सांगा. बँकेची माणसं त्या हिशेबाने धावपळ करतात.

मृत्यूनंतर किती तासांत द्यावा लागतो?

जितक्या लवकर तितकं बरं. बऱ्याच बँका २४ तासांची मर्यादा पाळायला बघतात, तर काही ठिकाणी ४८ किंवा ७२ तासांपर्यंत घेतात. नेदरलँड्समधली १९८५ साली सुरू झालेली ब्रेन बँक मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढण्यासाठी ओळखली जाते. तिथले दाते हयातीतच नाव नोंदवून ठेवतात, म्हणून ते जमतं.

घाई कशासाठी? रक्तपुरवठा थांबला तरी पेशींमधली विकरं काम करत राहतात आणि आतल्या प्रथिनांची आणि आरएनएची, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणाऱ्या रेणूंची, मोडतोड सुरू होते. थंडीत ही मोडतोड मंदावते. म्हणून मेंदू लगेच काढता येणार नसेल, तर निदान पार्थिव लवकरात लवकर शीतगृहात जायला हवं. गरम खोलीत काढलेले सहा तास शीतगृहातल्या सहा तासांपेक्षा कितीतरी महाग पडतात.

आणखी एक, हे फार जण विसरतात : शव टिकवण्यासाठी जी रसायनं भरतात, ती मेंदू काढायच्या आधी भरू देऊ नका. एकदा ती आत गेली की बहुतेक संशोधनासाठी ऊती कामातून जाते.

मी अवयवदानाचं कार्ड भरलंय. त्यात मेंदू येतोच ना?

बहुतेक ठिकाणी येत नाही. अवयवदान हे दुसऱ्याच्या शरीरात रोपण करण्यासाठी असतं, आणि मेंदूचं रोपण होत नाही. मेंदूदान संशोधनासाठी असतं. त्याची नोंदणी वेगळी, संमतिपत्र वेगळं आणि फोन नंबरही वेगळा. खिशात कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहिलेली आणि नंतर हळहळलेली दोन घरं मला माहीत आहेत.

दोन्ही करता येतं का?

नेत्रदान आणि मेंदूदान बहुधा हातात हात घालून होतं. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचं दान मात्र बऱ्याचदा मेंदू मृत झाल्यावर, व्हेंटिलेटर चालू असताना होतं. अशा अवस्थेत मेंदू सुजून मऊ पडलेला असतो आणि संशोधनाला फारसा उपयोगी राहत नाही. अशी वेळ आली तर अवयवदानालाच पहिला मान द्यावा. त्याने समोरचं एक माणूस उद्या जगणार असतं.

आणि देहदान?

इथे जपून. वैद्यकीय महाविद्यालयांना शिकवण्यासाठी बहुधा अखंड देह लागतो. मेंदू काढलेला देह काही घेतात, पुष्कळ घेत नाहीत. दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवलं आणि कोणालाच दुसऱ्याचं माहीत नाही, असं झालं की नेमका त्या दिवशी घोळ होतो. आधीच दोन्हीकडे विचारून एक काय ते ठरवा.

आईला तर काहीच झालं नव्हतं. तिचा मेंदू घेऊन काय करणार?

तोच तर हवा असतो! आजारी मेंदूत काय बिघडलं हे कळायला शेजारी धडधाकट मेंदू लागतो. प्रयोगशाळेत त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि त्याचाच तुटवडा असतो. कारण साधं आहे. घरात आजार भोगलेली माणसं स्वतःहून पुढे येतात. ज्यांच्या घरी काही घडलं नाही, त्यांच्या हा विषय मनातही येत नाही.

आता ‘काहीच झालं नव्हतं’ याची एक गंमत ऐका. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली अमेरिकेत कॅथलिक सिस्टर्सचा, म्हणजे नन्सचा, अभ्यास सुरू केला. ७५ वर्षांपुढच्या ६७८ जणी त्यात होत्या, आणि सगळ्यांनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यांतल्या एक सिस्टर १०१ वर्षांच्या होऊन गेल्या. शेवटपर्यंत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम. मेंदू उघडून पाहिला तर त्यात अल्झायमरच्या खुणा भरपूर! इतक्या खुणा असूनही त्यांना विसर कसा पडला नाही? त्या सिस्टरनी मेंदू दिला नसता तर हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता. त्यावरचं काम अजून चालू आहे.

आता इतके स्कॅन निघालेत. मृत माणसाचा मेंदू कशाला हवा?

स्कॅनमध्ये आकार दिसतो, रक्ताचा ओघ दिसतो, आणि अलीकडे अमायलॉइडसारखी काही प्रथिनंही दिसतात. पण पेशीच्या आत काय साचलंय, कुठल्या थरातल्या पेशी आधी मेल्या, हे पाहायला आजही काचपट्टीवरचा पातळ काप आणि सूक्ष्मदर्शकच लागतो. उंदरांवर प्रयोग होतात, पण उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. त्याच्यात माणसाची जनुकं घालून तो ओढूनताणून आणावा लागतो.

जी नावं आज आपण सहज घेतो ती अशाच मेंदूंतून आली आहेत. आउगुस्टे डेटर ही बाई १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिला स्वतःचं नावही धड लिहिता येत नव्हतं. १९०६ मध्ये ती वारली. तिला तपासणारे अलोइस अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते, तर तिचा मेंदू आणि कागदपत्रं तिकडे पाठवली गेली. त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जे गोळे आणि गुंतवळ दिसले, ते ज्या आजाराची खूण, त्या आजाराला पुढे त्यांचं नाव लागलं.

पार्किन्सनची गोष्ट मला त्याहून आवडते. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविझ यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूंत डोपामिन हे पेशींमध्ये निरोप वाहणारं रसायन मोजलं. मेंदूच्या ज्या भागात ते भरपूर असायला हवं, तिथेच ते नाहीसं झालेलं. पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन होतं ते औषध, टोचून पाहिलं, आणि अंथरुणावर जखडलेली माणसं काही वेळापुरती का होईना, उठून बसली. आज पार्किन्सनच्या जवळजवळ प्रत्येक घरात ज्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या असतात, त्यांचं मूळ हे आहे.

हे काही फक्त जुन्या काळचं नाही. फार म्हाताऱ्या माणसांत अल्झायमरसारखाच दिसणारा, पण टीडीपी-४३ नावाच्या वेगळ्याच प्रथिनामुळे होणारा एक विकार असतो. त्याला स्वतंत्र नाव मिळालं ते २०१९ मध्ये. डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंमध्ये होणाऱ्या सीटीई या आजाराचं पक्कं निदान तर आजही मृत्यूनंतरच होतं.

डॉक्टरांनी हयातीतच निदान केलंय. मग वेगळं काय कळणार?

कदाचित निदान पक्कं होईल, कदाचित बदलेल, कदाचित त्यात भर पडेल. ऐंशीच्या पुढच्या माणसांत एकच एक आजार सापडणं हे उलट कमी घडतं. अल्झायमरचे बदल, जोडीला बारीक रक्तवाहिन्यांचे बिघाड, त्यात आणखी काही, असं मिश्रण पुष्कळदा निघतं.

आमच्याकडे निदान अल्झायमरचं होतं. बाबांना रोज संध्याकाळी समोरच्या खुर्चीत एक लहान मुलगा बसलेला दिसायचा. ते घाबरायचे नाहीत, त्याच्याशी बोलायचे, त्याला पांघरूण द्या म्हणायचे. हे भास कमी व्हावेत म्हणून एक गोळी सुरू झाली, आणि चार दिवसांत बाबा लाकडासारखे ताठ झाले. चमचा तोंडाशी नेता येईना. ‘आजार पुढे गेलाय,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. ती गोळी रोज मीच त्यांच्या जिभेवर ठेवत होते.

मृत्यूनंतर सात महिन्यांनी मेंदूचा अहवाल आला. अल्झायमरचे बदल होते, पण मध्यम. खरा पसारा लेवी बॉडीजचा, म्हणजे पेशींत साचणाऱ्या प्रथिनाच्या गोळ्यांचा, होता, थेट मेंदूच्या वरच्या थरापर्यंत. या आजारात माणसं, मुलं, प्राणी स्पष्ट दिसतात. आणि भासांवरच्या काही औषधांनी अशा रुग्णांचं शरीर असंच आखडतं. नऊ वर्षांत जे कोणी जोडून पाहिलं नव्हतं, ते त्या दीड पानात होतं.

अहवाल घरच्यांना मिळतोच का?

बऱ्याच बँका देतात, काही मागितल्यावर देतात, काही देत नाहीत. संमतिपत्रावर सही करताना विचारून घ्या, आणि कोणाच्या नावे पाठवायचा तेही लिहून द्या. यायला काही महिने लागतात, कधी वर्ष होतं. मेंदू फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, घट्ट व्हायलाच काही आठवडे जातात, पुढे काप, रंग, तपासणी. अहवाल तांत्रिक भाषेत असतो. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांजवळ बसून वाचा. एकट्याने रात्री इंटरनेटवर शब्द शोधत वाचू नका.

संमती कोणाची लागते?

हयातीत स्वतः माणसाने दिलेली संमती सगळ्यात भक्कम. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही बहुतेक बँका घेतातच, कारण त्या दिवशी फोन करायचा तो नातेवाईकच. मृत व्यक्तीने काहीच लिहून ठेवलं नसेल तर अनेक ठिकाणी कायद्याने जवळचा ठरणारा नातेवाईक संमती देऊ शकतो. नवरा, बायको, मुलं, आईवडील, असा क्रम ठरलेला असतो. तो देशादेशात थोडा बदलतो.

त्यांना आता काहीच समजत नाही. आम्ही त्यांच्या वतीने ठरवायचं?

हा प्रश्न अवघड आहे आणि त्याला मला गुळगुळीत उत्तर द्यायचं नाही.

विस्मरणाचा आजार आहे म्हणून माणसाला काहीच कळत नाही असं नसतं. सुरुवातीच्या काळात, सकाळच्या बऱ्या तासांत, बहुतेक जण नीट ऐकून नीट उत्तर देतात. तेव्हा विचारा. ती वेळ निघून गेली असेल, तर ‘आपल्याला काय वाटतं’ हे बाजूला ठेवून ‘ते काय म्हणाले असते’ हे आठवून पाहा. रक्तदानाला जायचे का? डॉक्टरांच्या प्रयोगांबद्दल काय बोलायचे? शरीराविषयी, मरणाविषयी कधी काही म्हणाले होते का? स्पष्ट ‘नको’ म्हणाले असतील, तर विषय तिथेच संपवा.

हा विषय काढायचा कसा?

एकदम समोर फॉर्म ठेवू नका. आजाराविषयी बोलणं चाललेलं असताना, ‘यावर संशोधन करणारे मेंदू मागतात म्हणे,’ इतकंच म्हणून थांबा. मी असंच म्हटलं होतं. बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि म्हणाले, ‘नीट चालत नाहीये तो, घेऊन करणार काय?’ मग दोघंही हसलो. आठवड्याने त्यांनी आपणहून फॉर्म मागितला.

पुष्कळदा उलटं होतं. आईवडिलांची तयारी असते आणि मुलंच ‘असलं काहीतरी बोलू नकोस’ म्हणून त्यांना गप्प करतात.

घरात एकमत नसेल तर?

कागदावर कायदा एकाची सही मागतो. पण दारात भांडण असलं की बँकेची माणसं बहुधा मागे फिरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. दुःखात असलेल्या घरातून ओरबाडून काही न्यायचं नसतं.

आमची चूक सांगते. बाबांची सही होती, आईची होती, माझी होती. आत्याला सांगायचं राहिलं. ती रात्रीचा प्रवास करून आली, दारातच तिला कळलं, आणि ती म्हणाली, ‘माझ्या भावाचं डोकं मी फोडू देणार नाही.’ गाडी खाली उभी होती. चार तास गेले. कोणी तिला कायदा सांगितला नाही, ते एक बरं केलं. शेवटी आईने बाबांचा फॉर्म तिच्या हातात दिला. बाबांचं अक्षर तोवर पार वेडंवाकडं झालं होतं, तरी सही त्यांचीच होती. आत्या तो कागद किती तरी वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, ‘मला आधी का नाही सांगितलं?’

म्हणून फॉर्म भराल त्या आठवड्यातच फोनवर सांगण्यासारख्या सगळ्यांना सांगून टाका. लांब राहणाऱ्यांना तर आधी.

कुठल्या परिस्थितीत बँक मेंदू घेत नाही?

कारणं बरीच असू शकतात. फार वेळ गेला, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिससारखा संसर्ग, मोठा ट्यूमर, डोक्याला जबर इजा, किंवा दीर्घकाळ व्हेंटिलेटर. क्रॉइट्सफेल्ट-याकोब या मेंदूच्या दुर्मिळ आजारात मेंदूची ऊतीच संसर्गजन्य असते, त्यामुळे ती फक्त तशी सोय असलेल्या केंद्रातच हाताळतात. काही बँका एकाच आजारावर काम करतात, तर काहींना नेमका तोच संसर्ग अभ्यासायचा असतो. त्यामुळे एकीने नको म्हटलं तर दुसरीला विचारून पाहा. आणि नाव नोंदवलेलं असूनही ऐन वेळी नकार येऊ शकतो, याची मनाची तयारी ठेवा. त्यात दात्याचा काही दोष नसतो.

वयाची अट?

वरची नाही. शंभरीच्या पुढचे मेंदू तर आवर्जून हवे असतात. लहान मुलांच्या बाबतीत निर्णय आईवडिलांचा.

अचानक मृत्यू झाला, किंवा आत्महत्या असेल तर?

अशा मृत्यूत कायदेशीर शवविच्छेदन आधी, बाकी सगळं नंतर. पण तपास अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही तर त्याच वेळी मेंदू संशोधनासाठी बाजूला काढता येतो, आणि काही बँकांची अशी व्यवस्था असते. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांवर काम करणाऱ्यांना असे मेंदू फार क्वचित मिळतात. ज्या घरी हे घडलंय त्यांना मी एवढंच सांगते : विचारलं गेलं तर ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि ‘हो’ म्हटलंत तर ते कोणालाही समजावून सांगायची गरज नाही.

खर्च कोण करतं? पैसे मिळतात का?

मेंदू काढण्याचा आणि त्यासाठी नेण्या-आणण्याचा खर्च साधारणपणे बँक किंवा संशोधन संस्था करते. अंत्यसंस्काराचा खर्च घरचाच. मोबदला मिळत नाही. कोणी देऊ केला तर तिथून उठून या.

मेंदूचं पुढे काय होतं?

आधी वजन करतात. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो, आणि अल्झायमरमध्ये बराच कमी. ताजा मेंदू इतका मऊ असतो की सपाट जागी ठेवला तर स्वतःच्याच वजनाने पसरतो. बरेचदा त्याचे उजवा-डावा असे दोन भाग करतात. एकाचे काप करून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवतात, त्यातून जनुकं आणि प्रथिनं तपासता येतात. दुसरा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो रबरासारखा घट्ट होतो आणि त्याचे सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप निघतात. सोबत कधी मज्जारज्जू किंवा मेंदूभोवतालचं पाणीही घेतात. ते संमतिपत्रात लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

मग तो वर्षानुवर्षं थोडा थोडा वापरला जातो. संशोधक अर्ज करतात, समिती तपासते, आणि मंजूर झालं तर एखादा तुकडा पाठवतात. एकाच मेंदूवर कितीतरी अभ्यास होतात, काही तर आज ज्यांची पद्धतही निघालेली नाही असे. अख्खा मेंदू एकाच कामाला लागल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ मधल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नव्या आठवणी साठवता येईनाशा झाल्या आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकत राहिले. २००८ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियात ५३ तास सलग काम करून त्यांच्या मेंदूचे २,४०१ काप केले.

सगळं नेहमी सुरळीतच होतं असं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका बँकेचा फ्रीझर बंद पडला, धोक्याची घंटाही वाजली नाही, आणि सुमारे दीडशे मेंदू वितळले. त्यांत ऑटिझम असलेल्यांचे बरेच होते. हे लपवण्यात अर्थ नाही. तुमच्या बँकेला विचारा : वीज गेली, यंत्र बिघडलं तर काय सोय आहे? एका दात्याचं सगळं एकाच फ्रीझरमध्ये ठेवता का?

त्यांचं नाव बाहेर जातं का?

संशोधकाकडे तुकडा जातो तो क्रमांकाने. वय, लिंग, आजाराचा इतिहास कळतो, नाव-पत्ता नाही. औषध कंपन्यांना तुकडे द्यायचे की नाही, परदेशी पाठवायचे की नाही, याबद्दल अनेक संमतिपत्रांत वेगळी चौकट असते. नको असेल तर तिथे खूण करू नका.

संमती हा काही नुसता उपचार नव्हे. १९५५ साली आइन्स्टाइन गेले तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर थॉमस हार्वे यांनी घरच्यांना न विचारताच त्यांचा मेंदू काढून ठेवला. मुलाची परवानगी नंतर मिळवली, तीही नाराजीने. पुढे ते तुकडे वर्षानुवर्षं बरण्यांतून फिरत राहिले. आजचे लांबलचक, कंटाळवाणे फॉर्म अशाच प्रकारांमुळे आले आहेत, आणि ते कंटाळवाणेच बरे.

यातून आमच्या आनुवंशिक आजाराचं काही कळेल का?

कळू शकतं. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार किंवा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या वागणं-बोलणं बिघडवणाऱ्या आजाराचे काही प्रकार घराण्यात उतरतात. बऱ्याच बँका जनुकांचे निष्कर्ष घरी कळवत नाहीत, काही समुपदेशनासह कळवतात. हे कळून घ्यायचं की नाही, हे भावंडांनी आधी बोलून ठेवा. एकाला जाणून घ्यायचं असतं, दुसऱ्याला अजिबात नाही, आणि अहवाल मात्र दोघांसाठी एकच असतो.

धर्माची आडकाठी?

मोठ्या धर्मांतल्या पुष्कळ परंपरा हा निर्णय माणसावर सोडतात. तरी मनात खुटखुट असेल तर तुम्ही ज्यांना मानता त्यांनाच विचारा, फोनवरच्या मला नको.

बँक शोधायची कशी?

आधी उपचार करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून ब्रेन बँक आहे, अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयात १९७८ पासून आहे, आणि २०१३ पासून त्या देशात अनेक बँकांना जोडणारी सरकारी न्यूरोबायोबँकही आहे. ब्रिटनमध्येही अशा बँकांचं जाळं आहे. मात्र लांबच्या नामांकित बँकेपेक्षा जवळची, वेळेत पोहोचणारी बँक बरी.

फॉर्म भरल्यावर विचार बदलला तर?

एक फोन करा किंवा चिठ्ठी पाठवा. कारण विचारत नाहीत.

अहवालाचं पाकीट आलंय आणि उघडवत नाहीये.

नका उघडू. ते कुठे जात नाही. आमचं पाकीट आईने तीन आठवडे शिवणाच्या डब्याखाली ठेवलं होतं. मग एका दुपारी तिने ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘वाच, पण मराठीत सांग.’ मी सांगितलं. गोळीचंही सांगितलं. ती बराच वेळ समोरच्या खुर्चीकडे बघत होती. मग तिने विचारलं, ‘म्हणजे तो मुलगा त्यांना खराच दिसत होता?’ मी हो म्हटलं.

रात्री-अपरात्री मृत्यू झाला तर पहिला फोन कोणाला?

घरी झाला असेल तर आधी डॉक्टर, कारण मृत्यू प्रमाणित झाल्याशिवाय पुढे काहीच हलत नाही. त्यांना लागलीच सांगा की मेंदूदान आहे. दुसरा फोन बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर. तिसरा, अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्यांना : ‘रसायनं भरू नका, आधी बँकेची माणसं येतील.’ हॉस्पिटलमध्ये असाल तर ड्यूटीवरच्या नर्सला सांगून ठेवा, आणि पाळी बदलली की पुन्हा सांगा. केसपेपरच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं तर उत्तम.

नंबर फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. रात्री पावणेतीनला माझ्या फोनची बॅटरी संपलेली होती. आमचा नंबर औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, बाबांच्या गोळ्यांच्या वेळापत्रकाशेजारी, म्हणून आईच्या फोनवरून लागलीच लावता आला.